हरवलेल्या स्क्रूचं माप

कपाटासाठी स्क्रू घ्यायला मी हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. शेजारी एक आजी, सुटे भाग जोडून केलेल्या पलंगाची अख्खी फळीच घेऊन उभ्या होत्या.

“एवढं ओझं कशाला आणलंत?” मी विचारलं.

“स्क्रू हरवलाय, मग दाखवणार काय? भोक तर आहे ना! संध्याकाळी हे दवाखान्यातून घरी येतायत. पलंग डुगडुगायला नको.”

मी त्या भोकाकडे बघत राहिले. गेलेल्या वस्तूचं माप तिच्या रिकाम्या जागेत एवढं नेमकं उरत असेल?

दुकानदारानं लावून पाहिलेले स्क्रू सैल पडले. मग एक जाडसर स्क्रू घट्ट बसला. आजींनी तो ओढून पाहिला आणि त्या पहिल्यांदाच हसल्या.

फळीचं दुसरं टोक धरून मी रिक्षापर्यंत त्यांच्याबरोबर गेले.