पोलिसांसाठी घेतलेला फोटो

२००७ सालची दिवाळी नुकतीच सरली होती. शिक्रापुरातल्या आमच्या घरी त्या सकाळी मी, बायको आणि मागच्या खोलीत महिना बाराशे रुपये भाड्याने राहणारी, नवऱ्याच्या माराला भिऊन पळून आलेली एक बाई, एवढेच होतो. तिचा नवरा दौंडहून आला आणि पहारीने त्याने तिचं दार फोडलं. "साऱ्या जगाला पत्ता सांगितलास, आन् नवऱ्याला न्हाई व्हय?" म्हणत त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं. चुन्यावरून रक्ताचा ओघळ खाली आला. आम्ही दोघांनी त्याला कसंबसं ओढून बाहेर काढलं. पत्ता त्याला वेबसाइटवर मिळाला होता. खोल्या मिळवून देणाऱ्या एजंटाने भाडेकरूची पोलिसांत नोंद करायला म्हणून तिचा फोटो घेतला आणि जाहिरातीसाठी पत्त्यासकट स्वतःच्या साइटवर टाकला होता. मी जाब विचारला, तर म्हणाला, "आप्पा, सर्व्हर अमेरिकेत हाय, इथला कायदा लागत न्हाई." "मग तिचं डोकं कुठं फुटलं, अमेरिकेत?" मी विचारलं. त्याने साइटवरून फोटो काढून टाकला. आज इतक्या वर्षांनीही हिशेब तसाच निघतो: दाराचे अठराशे रुपये एजंटाने मला दिले, आणि अकरा टाक्यांचे पैसे तिने स्वतःच्या पगारातून डॉक्टरला दिले.