बीपी नॉर्मल, मंग गोळी कायले?

मशीन बदललं तरी शेवंताबाईंचा बीपी तेवढाच. वरचा १९०, खालचा ११०. मागच्या महिन्यात याच हॉलमध्ये तो १३०/८० होता. रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरात लिहिलेला.

आर्णीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलमध्ये मी फिजिशियन आहे. महिन्यातून एकदा ओपीडीच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही मोफत आरोग्य व्याख्यान ठेवतो. आधी सगळ्यांचा बीपी मोजायचा, मग भाषण. मागच्या वेळी विषयही बीपीच होता. भाषण चांगलं झालं, असं मला वाटलं होतं.

शेवंताबाईंमागच्या दोघींचाही बीपी चढलेला. त्यांच्यामागच्या काकांचाही. सगळे जुने पेशंट.

"मशीनच गेलं असन, मॅडम," संगीता सिस्टर म्हणाल्या.

म्हणून वॉर्डातलं दुसरं आणलं होतं. मग कफ बदलला, म्हणजे दंडाला गुंडाळतात तो पट्टा. शेवटी माझाच बीपी मोजला. नॉर्मल. पापड-लोणच्याचं मीठ असेल म्हणावं, तर पहिल्यांदाच आलेल्यांचे आकडे ठीक होते. माझं भाषण ऐकलेल्यांचाच बीपी वाढला होता. मला काही उलगडेना.

मी शेवंताबाईंशेजारी बसले. "गोळी रोज घेता ना?"

"नाई. बंद केली."

"कधीपासून?"

"तुमचं भाषण झालं तवापासून. तुमीच तं सांगतलं."

"मी बंद करा म्हणाले?"

"तसं नाई. तुमी म्हनलं, बीपी नॉर्मल आला म्हंजे गोळीनं आपलं काम केलं. काम झालं, मंग गोळी कायले?"

मागच्या दोघींनी माना हलवल्या.

वाक्य माझंच होतं. लोकांचा गोळीवर विश्वास बसावा म्हणून मी ते दोनदा म्हटलं होतं. ताप उतरला की तापाची गोळी थांबते. बीपीची तशी नसते. ती चालू असते म्हणून आकडा खाली राहतो. हे पुढचं वाक्य मी बोलले की राहूनच गेलं, काही केल्या आठवेना.

चौघांना गोळ्या सुरू केल्या आणि भाषण रद्द केलं. सुपरिंटेंडंट सर वर आले. "लोक बसलेत, मॅडम."

"सर, मागच्याच भाषणाचं निस्तरायचंय."

रजिस्टर घेऊन सिस्टर आणि मी फोन करत सुटलो. बरेच जण गोळी घेत होते, काहींनी सोडली होती. नामदेवरावांचा फोन त्यांच्या बायकोने उचलला.

"सकायपासून तोंड वाकडं झालं त्याईचं. काय बोलून राह्यले, समजत नाई. लकवा तं नसन?"

अँब्युलन्स पाठवली आणि त्यांना थेट यवतमाळला नेलं. ते वाचले. आता नीट बोलतात, डावा हात अजून कमजोर आहे.

"त्यांनी गोळी सोडली होती का?" मी नंतर त्यांच्या बायकोला विचारलं.

"कधी घेत, कधी नाई. पयल्यापासूनच तसं."

म्हणजे माझं वाक्य, की त्यांची जुनी सवय? मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता मी कमी बोलते. शेवटची पंधरा मिनिटं लोकांची. मी काय सांगितलं, ते त्यांनी मला सांगायचं. दर वेळी त्यात एक तरी गोष्ट अशी निघते, जी मी सांगितलेलीच नसते.