मशीनमावशीच्या दोन टोपल्या

गल्लीतली लहानथोर सगळी तिला मशीनमावशी म्हणत. खुद्द नवराही चिडला की ‘मशीनमावशी, वाढताय का जेवायला?’ असं विचारायचा. बंद पडलेलं शिलाई मशीन तिच्यासमोर ठेवायचा अवकाश, चाक एकदा हाताने फिरवून ती आतलं दुखणं सांगे. ही विद्या वडिलांची. वडिलांनी ज्या काळ्या मशीनवर तिला शिकवलं, ते तिच्या बावन्नाव्या वर्षीही खिडकीपाशी होतं. रोज सकाळी त्याला तेल पाजल्याशिवाय ती स्वतः चहा घेत नसे.

विद्या होती, पण तिला पाय नव्हते. मशीनचं डोकं, म्हणजे टेबलावरून सुटं होणारं वरचं यंत्र, चांगलं बारा किलोंचं. ते काखोटीला मारून बाई चालणार किती? म्हणून मावशीची कीर्ती चार गल्ल्यांत सुरू व्हायची आणि चार गल्ल्यांतच संपायची. पुलापलीकडचं सगळं काम टेम्पोवाला मिस्त्री न्यायचा. त्याचं काम कसं होतं ते विचारू नका, टेम्पो मात्र छान होता.

अशात पुलापलीकडच्या शिवणशाळेतली सात मशिनं एकामागोमाग बंद पडली. सोमवारी मुलींची परीक्षा. शाळेच्या मोठ्या बाईंनी दोघांनाही बोलावलं. वर्ग चालू असतात, इथे तेल सांडायचं नाही, मशिनं घरी न्या आणि शनिवारी दुपारपर्यंत चालती करून आणा. मिस्त्री म्हणाला, आठवडा लागेल. मावशी म्हणाली, आणते.

“जमलं तर शाळेचं वर्षभराचं काम तुमचं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “नाही जमलं, तर टेम्पो आहेच.”

घरी नवऱ्याने कपाळाला हात लावला. “अगं, आणणार कशावरून? माझ्या खांद्यावरून?”

“तुमच्या सायकलवरून.”

त्याच संध्याकाळी ती सायकलच्या दुकानात गेली. वडिलांचं मशीन टॉवेलात गुंडाळून नवऱ्याच्या हाती दिलं होतं. दुकानदार हसायला लागला. “मावशी, टोपली घ्यायला मशीन कशाला आणलंत?”

“नवरदेवाला घरी ठेवून लग्न ठरवता का तुम्ही?” मावशी म्हणाली.

दुकानदाराने आधी कॅरिअरवर बसणारी उंच टोपली काढली. मशीन आत ठेवून दुकानामागच्या चढावर सायकल नेली, तर हँडल हातात नाचायला लागलं. “ही भाजीला बरी,” म्हणून ती परत गेली. मग कॅनव्हासची जोड-पिशवी आली, पडशीसारखी चाकाच्या दोन्ही बाजूंना लोंबणारी. वजन पडताच पिशवीचं पोट आत सरकून स्पोकना टेकलं. शेवटी लोखंडी तारेच्या दोन टोपल्या निघाल्या, सपाट बुडाच्या, चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली बसणाऱ्या. मशीन डावीकडच्या टोपलीत ठेवलं. नवरा कॅरिअर धरून बाजूने चालला आणि सायकल कशी शहाण्यासारखी निघाली. फक्त पायडल मारताना दर खेपेला टाच टोपलीवर आपटत होती.

“सवय होईल,” दुकानदार म्हणाला.

“टाचेला सवय लावण्यापेक्षा टोपलीला लावते.” मावशीने त्याचाच पाना घेतला, स्क्रू सैल केले आणि टोपल्या चार बोटं मागे सरकवल्या. दुकानदार बघतच राहिला. मावशी त्या दिवशी जरा जास्तच ताठ मानेने घरी आली, खोटं कशाला सांगायचं.

गुरुवारी सकाळी पहिली खेप. पहिलीच आहे, धोका नको, म्हणून तिने एकच मशीन घेतलं. डावी टोपली भरलेली, उजवी रिकामी. पुलाच्या उतारावर समोर हातगाडी आली, तिने हँडल जरासं वळवलं आणि सायकल डावीकडे आडवी झाली. मशीन दगडावर आपटलं. बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, अंगाला आरपार तडा गेला. तडकलेलं बीड तिच्या हत्यारांनी सांधण्यासारखं नव्हतं. मावशी रस्त्यातच खाली बसली. गुडघा सोलवटला होता, त्याचं तिला काही वाटलं नाही. लाज वाटत होती. तीन-तीन टोपल्या पारखल्या, पण नवरा दुकानामागे कॅरिअर धरून चालला होता, दुसऱ्या बाजूचं वजन त्याच्या हातात होतं, एवढं तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

घर जवळ होतं, तरी ती सायकल हाताने ढकलत शाळेकडे परत फिरली. मोडकं मशीन मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं.

“माझ्या चुकीने पडलं. याच्या जागी मी दुसरं देते. उरलेली सहा नेऊ द्या.”

“आणि तीही पडली तर?”

“हे एकटं होतं म्हणून पडलं, बाई. ती जोडीने नेते.”

मोठ्या बाईंनी तिच्या फुटलेल्या गुडघ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “न्या.”

एक डावीकडे, एक उजवीकडे, अशा तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला मावशी उतारभर सायकल हाताने धरून चालली, कारण दुधाने तोंड पोळलं होतं. दुसरीला बसली. तिसरीला चढावर घंटी वाजवत एका सायकलवाल्या पोराला मागे टाकून गेली. शुक्रवार सगळा कामात गेला आणि शनिवारी सकाळी सहाही मशिनं शाळेत पोचती झाली. सातवं राहिलं.

मावशी खिडकीपाशी गेली आणि वडिलांचं मशीन उचललं.

“अगं, ते वडिलांचं आहे,” नवरा एकदम म्हणाला. आज त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

“जन्मभर शिकवायचंच काम केलंय त्याने. तिथेही तेच करेल.” एवढं बोलताना तिचे डोळे भरले, आणि तिने ते लपवले नाहीत.

दुसऱ्या बाजूला वजन हवं होतं. नवऱ्याने अंगणातून दोन धोंडे आणले, पण ते टोपलीत गडगडायला लागले. मग तिनेच चार विटा रचून बसवल्या. “दगडापेक्षा वीट मऊ,” नवरा म्हणाला, आणि दोघंही हसली.

शाळेच्या फाटकाशी मिस्त्री टेम्पोला टेकून उभा होता. पडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. “मावशी, आता विटाही दुरुस्त करता वाटतं?”

मावशीने सायकल भिंतीला टेकवली. वर्गात जाऊन तिने मशीन रिकाम्या टेबलावर बसवलं, स्क्रू आवळले. तेच जुनं माप, बरोब्बर बसलं. मोठ्या बाईंनी स्वतः दोरा ओवला आणि कापडाची पट्टी घेऊन एका दमात शेवटपर्यंत टीप मारली. पट्टी उलटून पाहिली. वरून जशी, खालूनही तशीच, ओळंब्यात धरल्यासारखी सरळ टीप. मुलींनी टाळ्याच वाजवल्या. मोठ्या बाई उठून मागच्या आपल्या राहत्या खोलीत निघून गेल्या.

पडलेलं मशीन बाई विसरल्या नसणार, असं मावशीला वाटलं. ती बाहेर आली. एका बाजूला विटा घेऊन उतारावर जायचं नव्हतं, ते आता तिला शिकवायला नको होतं. ती वाकून विटा काढायला लागली.

तेवढ्यात मोठ्या बाई पायऱ्यांवरून उतरल्या. त्यांच्या कवेत चादरीत गुंडाळलेलं मशीन होतं.

“माझं घरचं आहे,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं बंद आहे, पण कुणाच्या हाती द्यायचा धीर झाला नाही.” आणि मिस्त्रीच्या देखत त्यांनी ते मावशीच्या रिकाम्या टोपलीत स्वतःच्या हाताने ठेवलं.

“विटा राहू द्या,” त्या म्हणाल्या. “लागतील.”