न दुखणारे पाय

उमरगा तालुक्यातील समस्त कुत्र्यांना, त्यांच्या मालकांना आणि मधे तोंड घालणाऱ्या शेजाऱ्यांना अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, कंबरेखालचं दुखणं बंद करणारी दोन औषधं माझ्याकडे आहेत, आणि त्यांतलं चांगलं कोणतं याचा निकाल तुम्ही केव्हाच लावून टाकला आहे.

मी इथला जनावरांचा डॉक्टर. हायवेच्या कृपेनं गिऱ्हाइकांना तोटा नाही. ट्रकवाले पाठवत राहतात. शेपटीच्या अलीकडं, मणक्यांच्या फटीत सुई घालायची, की कुत्र्याचा मागचा भाग बधिर. लिग्नोकेन झटकन चढतं, झटकन उतरतं. कुत्रं घरी पोचल्यावर उभं राहतं आणि केकाटायला लागतं. मालक खूश. "उठला बघा." बुपिव्हॅकेन सावकाश चढतं, पण मग दुपारभर मुक्काम ठोकतं. कुत्रं डोळे मिटून निवांत, मागचे पाय मात्र ओल्या फडक्यासारखे. मालक लगेच दारात. "लुळं केलं व्हय?" केकाटणाऱ्याचा डॉक्टर हुशार, निवांत पडलेल्याचा कसाई. कुत्र्यांना कुणी विचारलं नाही.

एका सकाळी एक म्हातारा मेंढपाळ आणि त्याची बायको घोंगडीत कुत्रा घेऊन आले. मागचा पंजा टायरखाली गेलेला. बाई त्याचं डोकं सोडायला तयार नव्हती.

"दोन बोटं काढावी लागतील," मी म्हणालो. "नंतर आठ दिवस हलवायचं नाही."

म्हातारा हसला. "डॉक्टरसाहेब, मेंढरं आजच हालवायची हायत. लोहाऱ्याकडं एका शेतात बसवायचं बोलणं झालंय. तिथला मालक खतासाठी वाट बघाय लागलाय."

"मग घोड्यावर टाका याला."

"घोड्यावर कोकरं हायत. चालंल ते संगं येतं. न चालंल ते गावात ऱ्हातं. आमच्यात असंच हाय."

एवढं ऐकूनही मी बुपिव्हॅकेनचीच बाटली उचलली. हाडं तोडायची होती, आणि नंतरचा ठणका मला ठाऊक होता. आजही तीच उचलीन.

काम झालं. कुत्र्यानं डोळे उघडले, बाईचा हात चाटला, तिनं मोडून दिलेली भाकरी खाल्ली. म्हाताऱ्यानं त्याला कमरेत धरून उभं केलं. पाय घसरले. पुन्हा उभं केलं. पुन्हा घसरले.

"औषध उतरू द्या," मी म्हणालो. "दिवस मावळेपर्यंत उभा राहील."

"मेंढरं मावळतीपर्यंत थांबत न्हाईत, साहेब." त्यानं बायकोला खुणावलं आणि दोघं निघाली. कुत्रा पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत दारापर्यंत गेला. बाईनं मागं वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी, अगदी माझ्या शब्दाला जागून, तो उभा राहिला. तीन पायांवर, डुगडुगत, रस्त्याकडं तोंड करून. मी मोठ्या ऐटीत म्हाताऱ्याला फोन लावला.

"उभा राहिला. न्यायला या."

पलीकडं मेंढ्यांचा कालवा. मग म्हातारा म्हणाला, "वाटंत मेव्हण्याचा कळप गाठ पडला. त्याचा कुत्रा घेतला. एका कळपात दोन नर नांदत न्हाईत, साहेब. ठेवून घ्या तुमीच."

तेवढ्यात बाईचा आवाज आला, फोन हिसकावून घेतल्यासारखा जवळून:

"दुखू द्यायचं हुतं वो डॉक्टर, वरडत का हुईना, संगं आलं असतं."