बदलीची बाई

कॉलेजमधून वर्षभराची सुट्टी घेतली आहे, हे घरी सांगायला मला आठ-दहा दिवस लागले. तोवर मी रोज डबा घेऊन निघत होते. वारज्याच्या स्टॉपवर उभी राहायचे, बस यायची, लोक चढायचे, बस जायची. मग पुलाखालच्या बागेत बसून डबा खायचे आणि कॉलेज सुटायच्या वेळी घरी यायचे.

खरं तर हे त्याआधीपासूनच चाललं होतं. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला मला काय झालं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पहिल्या वर्षी मी चांगली होते. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मीच पहिली, म्हणून जरा जास्तच चांगली होते. मग कधीतरी सकाळी उठणं जड व्हायला लागलं. प्रॅक्टिकलला हातात ब्युरेट धरून मी नुसती बघत राहायचे, थेंब पडत राहायचे, आणि रंग बदलून गेला तरी मला कळायचं नाही. नारायण पेठेपर्यंत बसने जायचे, उतरायचे, कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत जायचे आणि तिथून परत फिरायचे. शेवटी एका मॅडमनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. गोळ्या सुरू झाल्या. "एक वर्ष थांब," मॅडम म्हणाल्या. "अर्ज दे. पुढच्या जूनमध्ये इथूनच पुढे सुरू कर." मी अर्ज दिला आणि तो मंजूर झाला.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. ते एका वर्कशॉपमध्ये लेथवर आहेत. त्यांनी आधी घास संपवला.

"रजा?" ते म्हणाले. "पगारी का बिनपगारी?"

मी हसावं म्हणून ते बोलले होते. मला हसू आलं नाही, तेव्हा त्यांनी खाली मान घातली आणि पुन्हा जेवू लागले.

आईने मात्र एकच विचारलं, "तुह्या जागेवर कोन?"

आम्ही वाशीमकडचे. इथे येऊन बरीच वर्षं झाली, पण आईची बोली तिकडचीच राहिली. ती जवळच्या सोसायटीत चार घरची कामं करते. तिच्या कामात रजा म्हणजे नुसतं न जाणं नव्हे. गावाला जायचं असेल तर आपल्या जागी दुसरी बाई लावून जायची. तिला बदलीची बाई म्हणतात. बदली न देता जी जाते, तिचं घर जातं. आणि बदली दिली तरी धास्ती असतेच, कारण कधीकधी बदलीचीच बाई ते काम धरून बसते. आईचं एक घर असंच गेलं होतं. आजी वारली तेव्हा ती तेरावं करून परत आली, बेल वाजवली, तर बदलीच्याच बाईने ओले हात पुसत दार उघडलं. "ताई, आता तुम्ही कायले तरास घेता," ती म्हणाली. तेव्हापासून आई बदली निवडताना फार बघते. आपल्याहून बरं काम करणारी नको, सोसायटीच्या जवळ राहणारी नको.

"कॉलेजात बदली नसते, आई. माझी जागा राहते तशीच."

"रिकामी जागा कोन ठेवते बाई?"

मी पुन्हा पुन्हा समजावलं. तिने मान हलवली. मला वाटलं, पटलं.

नंतर एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तुह्या वर्गातला पंखा लई आवाज करते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. त्या दिवशी सकाळची दोन घरं लवकर उरकून ती कॉलेजला गेली होती. आधी ऑफिसात जाऊन तिने सांगितलं, माझी पोरगी आजारी हाये, ती येईस्तोवर मी येऊन बसतो, पन जागा दुसऱ्याले देऊ नका. तिथला क्लार्क म्हणाला, "अहो बाई, हे कॉलेज आहे, नळाची रांग नाही हंडा ठेवून जायला." मग विचारत विचारत ती वर्गात पोचली. माझ्या मैत्रिणीला तिने माझी जागा विचारली. खिडकीकडचा तिसरा बाक. तिने तो पदराने पुसला आणि बसली. त्या तासाच्या मॅडम आल्या. त्यांनी विचारलं, "आपण?" आई उभी राहून म्हणाली, "मी या जागेवरच्या पोरीची आई. बसू का?"

मॅडम म्हणाल्या, "बसा." आणि आई पूर्ण तास बसली.

"काय शिकवलं?" मी विचारलं.

"इंग्रजीत होतं सारं. पन मी हाललो नाई."

तास संपल्यावर मॅडमनी तिला बाहेर नेऊन समजावलं होतं की तुमच्या मुलीची जागा कुठेही जात नाही. ते तिला पटलं असावं, कारण पुन्हा ती गेली नाही.

ही गोष्ट ऐकणाऱ्यांचे डोळे पाणावतात. माझे तेव्हा पाणावले नाहीत. मला फक्त भीती वाटली. ज्या बाकावर जायला माझे पाय उचलत नव्हते, तो तिने माझ्यासाठी पुसून ठेवला होता.

पुढचे महिने मी घरातच होते. गोळ्यांनी तोंड कोरडं पडायचं. केस विंचरायला बसले की अर्ध्यातच हात खाली यायचा. वर्गाचा ग्रुप मी बंद करून ठेवला होता. कधी उघडला तर परीक्षा, निकाल, सहल. ती सगळी पुढे जात होती. दुपारी शेजारच्यांच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचे. बरं वाटतंय का, असं बाबा विचारायचे आणि मी हो म्हणायचे. त्यांना तेच ऐकायचं होतं.

मे महिन्यात आईला ताप आला. ताप उतरला, पण सांधे धरले. बोटं सुजली आणि हातात झाडू राहीना. बदलीच्या सगळ्या बायका लग्नांसाठी गावाला गेलेल्या.

"मी जाते," मी म्हणाले.

आई म्हणाली, "दोनच दिवस."

दोनाचे पाच झाले. आणि मला नवल वाटलं, कारण माझे हात चालत होते. फरशी पुसली की ती पुसलेली दिसते. भांडी पालथी घातली की ते काम संपतं. कुणी पुढचं काही विचारत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी चहा दिला. "कॉलेजला सुट्टी ना गं?" मी हो म्हणाले. ते खोटंही नव्हतं. निघताना त्या म्हणाल्या, "आईपेक्षा नीट करतेस की तू. तूच येत जा आता."

मला कुणी चांगलं म्हणून किती दिवस झाले होते! मी जवळजवळ पळतच घरी आले आणि आनंदाने आईला ते सांगितलं. तिने सुजलेली बोटं पदराखाली घेतली. तिच्या कामात या बोलण्याचा अर्थ काय होतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उठले तेव्हा ती तयार होती. केस तिने बाबांकडून बांधून घेतले होते.

"आज मी जातो."

"आई, तुझी बोटं बघ."

"तुले तिथं करमू लागलं."

करमू लागलं होतं.

"म्हनूनच," ती म्हणाली आणि चप्पल पायात सरकवली. जिन्याचा कठडा तिला धरता येत नव्हता, म्हणून त्यावर कोपर टेकवत ती उतरली. मी दारात उभी होते. तिच्यामागे जाऊन तिला थांबवावं, असं वाटलं. आणि तिच्या आधी पोचून काकूंची बेल वाजवावी, असंही वाटलं.

दुपारी ती आली तेव्हा तिला भाकरीचा तुकडा मोडता येईना. मी ताट पुढे ओढलं, भाकरी कालवणात कुस्करली आणि तिला भरवू लागले.

"कॉलेज कधी उघडते?"

मी तारीख सांगितली. ती मला पाठ होती. 'जाईन' हा शब्द मात्र तोंडातून निघाला नाही, आणि तिनेही तो मागितला नाही. तिने तोंड उघडलं. मी पुढचा घास दिला.