आजीचा आवाज

थंडीच्या सुट्टीत मुलानं दोन दिवस नाशिकला आणलं. "बाबा, नातवंडांत मन रमेल." मन कसलं रमतंय? पाय तेवढे दुखले. बागेतल्या बाकावर टेकलो.

चार वर्षांच्या बारक्यानं विचारलं, "आजोबा, आजी कशी बोलायची?"

तिला जाऊन वर्ष झालं नाही, आणि पोरगं विसरलं. जन्मभर ऐकलेला आवाज, पण मला काढून दाखवता येईना. माणसाचा फोटो भिंतीवर टांगतात, आवाज कुठं ठेवायचा?

मोबाइलमधून मान वर करत थोरली नात खेकसली, "अहो, ऐकलं का? कान बांधा आधी! मग बसता रात्रभर खोकत!"

अगदी तोच ठसका. बारका खिदळला, "ताई, परत कर ना!"

मी पिशवीतला मफलर काढला आणि मुकाट्यानं कान बांधले.