पाठीवरचे चार डबे

पाण्याला मी भितो, हे आमच्या घरात गुपित नाही. धरणावर सहलीला गेलो की मी गाडीपाशी बसून सगळ्यांच्या चपला राखतो. आंघोळीलासुद्धा तांब्या डोक्यावर ओतायचा धीर होत नाही, खांद्यावरूनच भागवतो. शाळेत पोरांना माजलगाव धरणाची माहिती घोकून घेणारा मास्तर असा आहे, हे पोरांना कळू नये एवढीच इच्छा.

याला कारण माझे चुलते. आमच्याकडं पोराच्या पाठीला रिकामा डबा बांधून त्याला विहिरीत सोडतात. ते हातपाय मारायला लागलं की त्याच्या नकळत मागून गाठ सोडतात. मी आठ वर्षांचा होतो. चुलत्यांनी दुसऱ्याच दिवशी गाठ सोडली. मी पोहतोय असं त्यांना वाटलं. मी बाहेर निघायची धडपड करत होतो. शेवटी केसाला धरून मला वर काढलं. चुलते ही गोष्ट अजून लग्नाकार्यात हसत हसत सांगतात. मीही हसतो, आणि मग मला जेवण जात नाही.

यंदा लेक दहा वर्षांची झाली. उन्हाळ्याच्या सुटीत चकलांब्याकडं सासुरवाडीला गेलो, तर तिनं पोहायला शिकायचा हट्ट धरला. तिची आई लहानपणापासून तिथल्या पायऱ्यांच्या विहिरीत पोहणारी, ती लगेच तयार झाली. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. मी एवढंच कबूल करून घेतलं की डबा मी बांधणार आणि तो कुणीही सोडायचा नाही.

बायको आधी पाण्यात उतरली. तेलाचा एकच डबा पुरे, असं तिनं खालून बजावलं. मी हो म्हणालो आणि चार बांधले. एक फुटला तर दुसरा, त्याची दोरी तुटली तर तिसरा. चौथा निव्वळ भीतीपोटी. गाठीवर गाठ मारली. लेक म्हणाली, टोचतंय. मी ऐकलं नाही.

तिनं उडी मारली. चारही डबे एकदम वर उसळले आणि त्यांनी तिला पालथं पाडलं. पाठ वर, तोंड पाण्यात. तिला मान काढता येईना. माझ्यापासून ती चार हातांवर होती. मी कोरड्या पायरीवर उभा, आणि माझा पाय उचलेना. बायकोनं झपाझप पोहत जाऊन तिला उताणं केलं आणि पायरीवर आणलं.

लेक खोकत होती. माझ्याच गाठी मला सुटेनात, शेवटी दातांनी सोडल्या. बायको हळूच म्हणाली, "अवो, तुमचं भेव तुमच्यापाशी ठिवा. लेकराच्या पाठीवर का म्हून बांधायलाव?"

मी एकच डबा ठेवला. पण आता लेक पाण्याकडं बघेना. आईनं हात पुढं केला तशी ती एक पायरी मागं सरकली, मग आणखी एक. ती बुडताना वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. ही आता जन्मभर माझ्यासारखी होणार.

मी सदरा काढला आणि उतरलो. गुडघा, कंबर, छाती. पायरी शेवाळलेली होती, बायकोनं दंड धरला नसता तर तिथंच बसलो असतो. मी डोळे गच्च मिटून घेतले. वरून लेकीचा आवाज आला, "पप्पा, तुमाला भ्या वाटतंय का?"

"लई वाटतंय," मी म्हणालो.

ती एक पायरी खाली आली. म्हणाली, "आदी डोळे उघडा. मग मी येते."

मी उघडले तेव्हा ती हवेत होती.